विहीर खेरीज

छापायला हरकत नाही. हे तीन शब्द मी आयुष्यभर फार जपून वापरले. लग्नाला होकार देतानाही हिने एवढा विचार केला नव्हता, असं माझे यजमान आल्यागेल्याला सांगत असत. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. शेवटच्या प्रुफात एकही चूक उरली नाही अशी खात्री झाली की खाली हे तीन शब्द लिहायचे, सही करायची, मग मशीन सुरू व्हायचं. एकदा सही झाली की राहिलेली चूक माझी. त्यामुळे मी सहजासहजी सही करत नसे आणि छापखान्यात माझ्याविषयी बरं कोणी बोलत नसे.

निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये "सर्व सभासदांना सुचित करण्यात येते" असा कागद लागला की मी पर्समधून लाल पेन काढून 'सू' दीर्घ करते. हॉटेलात मेनूकार्ड तपासल्याशिवाय मला भूक लागत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, अर्थ कळतो ना? मग झालं." मी म्हटलं, "अर्थ तर कुत्रं भुंकलं तरी कळतो." तेव्हापासून ते कागद लावतात आणि जिन्याने जातात.

इंग्रजी अमदानीतले सरकारी जाहीरनामे जमवण्याचा नादही याच खोडीतून लागला. रद्दीवाल्यांकडे, जुन्या पुस्तकांच्या ढिगांत असे कागद अजून सापडतात. बैलगाडीला रात्री कंदील लावावा. छावणीच्या हद्दीत वरातीची वाजंत्री वाजवू नये. मोकाट कुत्री दिसल्यास मारली जातील. प्रत्येकाची सुरुवात "तमाम लोकांस कळविण्यांत येतें कीं" अशी, आणि शेवट "मागाहून तक्रार चालणार नाहीं" असा. बहुतेक तमाम लोकांना तेव्हा वाचता येत नव्हतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना छापील कागदाने धमकावायचं, हे वाचताना मला अजूनही संताप येतो. पण मराठी मात्र चोख. साहेबाचा इंग्रजी हुकूम मराठीत उतरवणारा कोणी आपलाच कारकून असणार, आणि त्याची प्रुफं बघणाराही कोणीतरी असणार. त्या माणसाशी माझं नातं आहे असं मला वाटायचं. वर्तमानपत्रात मी या कागदांवर एकदोन लेख लिहिले आणि आजूबाजूच्या लोकांत जुनी कागदपत्रं वाचणारी बाई म्हणून माझं नाव झालं. नाव झालं की माणूस चुकायला मोकळा होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोनेक वर्षांपूर्वी, फाल्गुन संपता संपता, एक बाई दारात उभ्या राहिल्या. पंचावन्नच्या आसपासच्या, नऊवारी, पायांत मुलाचे असावेत असे बूट. विश्रांतवाडीच्या पलीकडच्या एका गावातून दोन बस बदलून आल्या होत्या. गाव म्हणजे आता शहरच. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि गावठाण मधे उरलं. बाईंनी कापडात बांधलेली एक जुनी जाडजूड वही पुढे ठेवली. त्यांच्या आजेसासऱ्यांच्याही आधीपासून घरात गावचं कामकाज होतं, तेव्हाची ही वही. तिच्या पानांत चार घड्या घातलेला एक छापील जाहीरनामा होता.

"बाई, आमची हीर बुजवायला निघालेत," त्या म्हणाल्या.

गावठाणाला लागून मोकळी जागा होती, तिच्या एका कोपऱ्यात दगडी बांधणीची विहीर. एका सरकारी कार्यालयाला त्या जागेवर वाहनतळ करायचा होता. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, सगळ्यांची मराठी सारखीच असते. जागा इंग्रजांच्या काळापासून सरकारची आहे, विहिरीसकट, असं त्यांचं म्हणणं. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या, अशी नोटीस लागली होती. त्यातले चार दिवस गेले होते.

"पाणी पिता त्या विहिरीचं?" मी विचारलं.

"प्यायला नळ हाय की. पवायला लागती."

मग त्यांनी सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडल्या. काठावर चार बायका होत्या, चौघींनाही पोहता येत नव्हतं. एका गड्याने उडी मारून वर काढलं. त्यानंतर भर तिशीत, दोन मुलं झाल्यावर, त्या हट्टाने पोहायला शिकल्या, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावातल्या मुलींना शिकवतात. पूर्वी पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधायच्या, आता तेलाचा रिकामा कॅन. गावातल्या, शेजारच्या मुसलमान वस्तीतल्या, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीयांच्या, सगळ्या मुली. "आमच्या गावातली एक बी पोरगी पवायला शिकल्याबिगर सासरी जात न्हाई," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

मी चष्मा पुसला आणि जाहीरनामा उलगडला. घड्यांवर कसर लागली होती, मधोमध बोटभर भोक. मजकूर असा: "गांवठाणालगतची जमीन, आंतील झाडेंसुद्धां, विहीर खेरीज", इथे भोक, आणि पुढे, "गाड्यांच्या तळाकरितां सरकारांत घेण्यांत आली आहे." म्हणजे तेव्हा बैलगाड्यांचा तळ, आता मोटारींचा. मला हसू आलं.

"खेरीज म्हंजी सोडून ना?" बाईंनी विचारलं. "आमच्या घरात तरी तसंच म्हंत्यात."

इथे माझ्यातली विदुषी जागी झाली. मी त्यांना समजावून सांगितलं की आजच्या बोलण्यात खेरीज म्हणजे सोडून, पण जुन्या दप्तरात खेरीज म्हणजे शिवाय, वरकड, जास्तीचं. इथे आधी 'झाडेंसुद्धां' आहे, म्हणजे झाडं घेतली, आणि शिवाय विहीर. भोकात काय असेल? स्वल्पविराम असेल, फार तर 'एक', म्हणजे विहीर नग एक, असं असेल. मी हे अगदी रंगात येऊन सांगितलं. शब्दाचा जुना अर्थ ठाऊक असण्याचा आनंद मला इतका झाला की समोरच्या बाईचं काय होतंय हे बघायचं राहून गेलं.

त्यांनी जाहीरनाम्याच्या चार घड्या पुन्हा घातल्या. मग म्हणाल्या, "मग हाय ते लिवून द्या. मी सांगितलं तर गावात कुणी ऐकायचं न्हाई."

मी लिहून दिलं. चांगल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, सहीनिशी. "सदर जाहीरनाम्यानुसार विहीरही सरकारजमा झाली होती, असे माझे मत आहे." त्यांनी कागद हळदीकुंकवाच्या पुडीसारखा जपून कनवटीला लावला. जाताना फक्त एवढंच म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या. तुमचंच बरूबर आसंल." वहीचा एक पुठ्ठा निखळला होता, मी म्हटलं, ठेवून जा, माझ्या ओळखीचे बाइंडर आहेत, शिवून देतील. माझ्या मनाला जरा कुठेतरी लागलं होतं, त्यावर हा उतारा.

बाइंडर म्हणजे भवानी पेठेतले चाचा. वयाने माझ्याएवढेच, पण त्यांच्या घरात पुस्तकं बांधायचं काम तीन पिढ्यांचं, म्हणून छापखान्यात सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी छापील पानांचा एखादा फॉर्म उलटसुलट लावला की मी बोलायची, आणि मी एका वेलांटीसाठी मशीन थांबवलं की ते बोलायचे. आमचं चांगलं जमायचं. मी वही त्यांच्याकडे नेऊन दिली. मधल्या दिवसांत मी तो विषय मनातून काढून टाकला, म्हणजे काढून टाकल्याचं स्वतःला सांगितलं.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, या एकदा. दुरुस्तीत जरा भानगड आहे."

दुकानात गेले तर टेबलावर वहीचा पुठ्ठा ओला करून ठेवलेला. चाचा म्हणाले, "हाताला लागताच कळलं, हा विकतचा पुठ्ठा नाही. कागदावर कागद चिकटवून केलेला आहे. पूर्वी असंच करायचे, रद्दी वाया जात नसे. कोमट पाण्यात ठेवला तर पापुद्रे सुटले. बघा काय निघालं."

एकावर एक चिकटवलेले सहा जाहीरनामे निघाले होते. सहाही तेच. सरकारातून गावाला गठ्ठा आला असणार, दोनचार चावडीवर, देवळावर डकवले, उरलेल्यांचा कोणा शहाण्या माणसाने वहीला पुठ्ठा केला. आणि चिकटवायच्या खळीत मोरचूद घातलेलं, म्हणून पानांत ठेवलेल्या प्रतीला कसर लागली तरी पुठ्ठ्यातल्या प्रतींना नाही. चाचांनी त्यातल्या दोन वाळवून टीपकागदावर ठेवल्या होत्या. अक्षरन् अक्षर शाबूत.

"आंतील झाडेंसुद्धां, विहीर खेरीज करून, गाड्यांच्या तळाकरितां..."

करून. तीन अक्षरं. खेरीज करून म्हणजे वगळून. यात दुसरा अर्थ काढायला जागाच नाही. गावातल्या, शाळेत न गेलेल्या बाईला जे घरबसल्या कळत होतं, ते मी माझ्या विद्वत्तेने खोडून काढलं होतं, आणि वर सही केली होती. प्रूफ वाचणाऱ्याचा पहिला नियम असा की जिथे अक्षर दिसत नाही तिथे अंदाज करायचा नाही, मूळ प्रत मागायची. हा नियम मी नव्या मुलांना शिकवला होता. मूळ प्रत तर माझ्याच टेबलावर होती, पुठ्ठ्याच्या आत.

मला रडू आलं. चाचांनी पाणी दिलं, माझ्याकडे न बघता कात्री पुसली आणि म्हणाले, "माझा एक फॉर्म उलटा लागला तर तुम्ही आठवडाभर बोलायच्या. आता तुम्हाला कोण बोलणार?"

"तुम्हीच बोला," मी म्हटलं.

"नको. तुम्ही जा. किती दिवस राहिले?"

तीन राहिले होते.

फोन केला तर बाई शांतपणे म्हणाल्या, हरकत कोणीच घेतली नाही. माझा कागद वाचून गावातली पुरुषमंडळी म्हणाली, एवढ्या शिकलेल्या बाईने लिहून दिलंय, आता कशाला सरकारशी वाकडं घ्यायचं. कोणीतरी माझ्या कागदाची झेरॉक्स त्या कार्यालयातही देऊन आलं होतं. मी फोन ठेवला आणि सुचेना काय करावं. मग जे येतं ते केलं. पुस्तकात चूक राहिली की शेवटी शुद्धिपत्र जोडतात. एका कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. अशुद्ध: विहीरही सरकारजमा झाली होती. शुद्ध: विहीर वगळून बाकीची जमीन सरकारजमा झाली होती. खाली लिहिलं, "चूक सर्वस्वी माझी." लिहून झाल्यावर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने गावात गेले. विहिरीजवळ लिंबाच्या पारावर दहाबारा माणसं होती, आणि विहिरीच्या पायऱ्यांवर कॅन पाठीला बांधलेल्या पोरी. मी बाईंना बाजूला घेऊन कागद द्यायला लागले. त्यांनी तो घेतला नाही.

"मला एकटीला काय सांगता? त्यो पहिला कागद समद्या गावानं ऐकला. हा बी मोठ्यानं वाचा."

मग मी पारावर उभी राहून वाचलं. छापखान्यात आयुष्य गेलेलं, मोठ्याने बोलायची सवय नाही. माझाच आवाज मला परका वाटत होता. एकेकाळी याच पारावर दवंडी पिटून तो जाहीरनामा वाचला असेल, असं मनात आलं. माझं वाचून झाल्यावर एक म्हातारबुवा म्हणाले, "म्हंजी आपन म्हनत हुतो तेच." मी म्हटलं, "होय. तुम्ही म्हणत होता तेच." कोणी हसलं नाही की रागावलंही नाही. बाईंनी चहा आणवला.

चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "पन बाई, इंग्रजानं हीर सोडली कशी? त्यो का आमचा पावना?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि या वेळी मी अंदाज केला नाही. त्याच म्हणाल्या, "कुनीतरी तवा हरकत घेतली आसंल. छापायच्या आधीच." त्यांना ते इतकं खरं वाटलं की त्यांनी लगेच पदर खोचला आणि माणसांना कागद लिहायला बसवलं. संध्याकाळपर्यंत हरकतीच्या अर्जावर सह्या झाल्या. पहिली सही बाईंची, पोहायला शिकलेल्या मुलींपैकी ज्यांचं वय बसत होतं त्यांच्याही. मुदतीला एक दिवस राखून अर्ज, जाहीरनाम्याची प्रत आणि माझं शुद्धिपत्र असं सगळं दाखल झालं.

सुनावणीला मलाही बोलावलं. समोरच्या अधिकारी माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या, डोळे हुशार. त्यांनी फाइलीतून माझे दोन्ही कागद काढून शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, हे पण तुमचं आणि हे पण तुमचं. मग करेक्ट कुठलं समजायचं?"

"दुसरं. पहिलं प्रूफ होतं."

"म्हणजे वेल एक्सक्लूडेड आहे, राइट?"

"राइट," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी असल्या मराठीला होकार दिला.

त्यांनी जुना कागद उजेडाला धरून बघितला, बाईंना विहीर किती खोल, पाणी किती महिने असतं, मुली किती येतात असं विचारलं आणि "निर्णय कळवण्यात येईल" म्हणाल्या. हे वाक्य मी हजारदा तपासलं आहे. त्यात चूक नसते आणि दिलासाही नसतो.

सगळा उन्हाळा वाट बघण्यात गेला. मी आठवड्यातून एकदा गावात जाऊ लागले. निमित्त वही परत द्यायचं होतं. चाचांनी तिला नवा पुठ्ठा घालून दिला आणि जुने जाहीरनामे प्लास्टिकच्या पाकिटात वेगळे ठेवले. वही देऊन झाल्यावर निमित्त उरलं नाही, तरी मी जात राहिले. पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडायचे आणि बघायचं. बाई काठावरून नुसत्या सूचना देत, "तोंड मिट, पाय मार, भ्याचं न्हाई." एक परप्रांतीय मुलगी पहिले चार दिवस पायरी सोडेना. पाचव्या दिवशी कॅनशिवाय पलीकडच्या भिंतीला हात लावून आली आणि हिंदीत काहीतरी ओरडली. मी टाळ्या वाजवल्या. त्या उन्हाळ्यात मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

मृगाच्या आसपास बाईंचा फोन आला. "बाई, फळा लागलाय. समदी म्हंत्यात चांगलं हाय. पन तुम्ही येऊन वाचल्याबिगर मी मानायची न्हाई."

गेले. जागेच्या तोंडाशी पत्र्याचा नवा कोरा फलक, पिवळ्यावर काळी अक्षरं. बाई वाट बघत होत्या, मागे ओल्या केसांच्या सातआठ पोरी. मी चष्मा पुसला. या वेळी सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, सदर जागा, विहिर वगळून, वाहनतळासाठी राखीव आहे. विहिरीस कोणीही बाधा आणू नये."

विहिर. 'हि' ऱ्हस्व. बाई जन्मभर 'हीर' म्हणत आल्या, तोही दीर्घ, आणि सरकारला एवढं साधं लिहिता येईना. माझा हात सवयीने पर्सकडे गेला. लाल पेन बोटांना लागलं.

"नीट लिवलंय ना?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "हुकलं न्हाई ना काय? सांगा की."

पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी पेन पर्समध्ये खाली सारलं आणि चेन लावून टाकली.

"छापायला हरकत नाही," मी म्हटलं.